पान ९१० ते ९१२

‘लॅन्सेट’च्या १९७८ सालच्या दुसऱ्या खंडात, आतल्या कोऱ्या पानावर, दाखल क्रमांकाच्या शेजारी पेन्सिलीची एक बारीक टिकली आहे. ती माझ्या हातची. १९८४ च्या उन्हाळ्यात मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागले आणि पहिलंच काम वाट्याला आलं ते साठा-पडताळणीचं. मांडणीवरून एकेक बांधीव खंड काढायचा, दाखल-नोंदवहीतल्या क्रमांकाशी ताडून बघायचा, टिकली करायची, फडक्यानं पुसायचा आणि जागेवर ठेवायचा. दोन महिने हेच चाललं होतं. दिवसभर शिंका, संध्याकाळपर्यंत हात काळे, आणि घरी आईची कुरकुर, की लायब्ररीत लागलीस की कोळशाच्या वखारीत. त्या खंडाच्या ९१० ते ९१२ या पानांवर काय छापलंय, हे मला ठाऊक असायचं तेव्हा काही कारणच नव्हतं.

ज्या माणसाचं ऋण मी आज लिहून ठेवते आहे, त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांचं नाव युएट वाय कान. जन्म हाँगकाँगचा, १९३६ चा. तिथल्याच विद्यापीठातून १९५८ साली ते डॉक्टर झाले, पुढे अमेरिकेत गेले आणि १९७२ पासून सॅन फ्रान्सिस्कोत, कॅलिफोर्निया विद्यापीठात, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करत राहिले. माझी त्यांची ओळख आहे ती त्यांच्या शोधनिबंधांच्या यादीतून. नाव, शीर्षक, नियतकालिक, खंड, पान. लोकांना अशी यादी कोरडी वाटते. छत्तीस वर्षं मी असल्या याद्या प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना काढून देत आले, कुणाच्या बढतीसाठी, कुणाच्या प्रबंधासाठी. पण डॉ. कान यांची यादी मी ज्या जिवाच्या ओढीनं वाचली, तशी कुठली पोथीही वाचली नसेल.

माझा थोरला १९८९ च्या आषाढातला. सहा महिन्यांचा होईतो अंगानं चांगला भरलेला होता. मग हळूहळू रंग उतरायला लागला. सासूबाई म्हणाल्या, दात येतायत. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट काढ. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक लिहून दिलं. ते मी चार महिने न चुकता पाजलं, चमचा पार जिभेच्या मागे नेऊन, कारण त्याला ती चव आवडायची नाही. पुढे कळलं, की त्याच्या शरीराला जी गोष्ट जास्तीची द्यायची नव्हती, नेमकी तीच मी रोज सकाळी त्याला भरवत होते. त्या डॉक्टरांवरचा राग आता गेला आहे. तो चमचा मात्र मी नंतर घरात ठेवू शकले नाही.

अकराव्या महिन्यात तो मांडीवर बसल्या बसल्या मान टाकायला लागला. हिमोग्लोबिन ४.१ निघालं. आमच्याच कॉलेजातल्या पॅथॉलॉजीच्या सरांनी काच बघितली आणि आम्हा दोघांनाही रक्त द्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन ए-टू नावाचा एक प्रकार असतो, तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की संशय घ्यायचा. माझा ५.१ आला, यजमानांचा ४.८. “तुम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर आहात, बाई,” सर म्हणाले. मायनर म्हणजे किरकोळ, असं समजून मी क्षणभर सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी माझ्याच टेबलावरच्या कॅटलॉग कार्डाच्या पाठीवर चार चौकोन काढले. आईकडून एक जीन, बापाकडून एक. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून तो वाहक आहे हे जन्मभर कळतही नाही. पण दोन वाहक एकत्र आले, की प्रत्येक गरोदरपणात चारांतला एक चौकोन असा, की ज्यात दोन्हीकडून बिघडलेलीच जीन येते. तो चौकोन त्यांनी पेन्सिलीनं काळा केला. “हा मेजर,” ते म्हणाले, आणि थोडा वेळ माझ्याकडे न बघता कार्डाकडेच बघत राहिले.

तेव्हापासून आमच्या घरात एक वही आली. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, पिशवीवरचा क्रमांकाचा चिकटकागद सोलून वहीत लावायचा, पुढे तारीख, वजन, चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन. त्या क्रमांकांमागच्या माणसांना मी ओळखत नाही. कुणी गणेशोत्सवाच्या मांडवात रक्त दिलेलं असेल, कुणी कारखान्यातल्या शिबिरात. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गानं केलेली नाही. ते हृदयात, यकृतात साठतं. ते उपसून काढायला तेव्हा डेस्फेरल नावाचं औषध होतं. पोटाच्या कातडीखाली सुई, तिला जोडलेला छोटा पंप, रात्री आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. चार वर्षांचं पोर पंप सांभाळत एका कुशीवर झोपायला शिकलं. झोपेत वळायची वेळ आली की आधी हातानं सुई चाचपायचं, मग वळायचं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला हे.

मी काय करणार? मला एकच काम येत होतं, ते मी केलं. दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता मी ‘इंडेक्स मेडिकस’च्या मांडणीपाशी जाऊन बसायला लागले. ज्यांनी ते जाडजूड खंड हाताळले नाहीत, त्यांना सांगते, की जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून आलं, त्याची ती सूची होती. अर्धी विषयवार, अर्धी लेखकवार. अक्षर मुंगीएवढं. थॅलेसेमिया या शब्दाखाली, गर्भातलं निदान या पोटशब्दाखाली मी एकेका वर्षाचा खंड मागे मागे काढत गेले. १९८९, ८८, ८७. मागे जावं तसं एकच नाव पुनःपुन्हा दिसायला लागलं. लेखकवार भागात आणखी एक नाव सापडलं, आंद्रे डोझी. त्यांच्या नावापुढे बहुतेक वेळा नुसतं ‘पहा: कान’ असं असायचं. ज्याचं नाव निबंधावर दुसरं असतं, त्याची सूचीत अशीच बोळवण व्हायची. त्या बाईंचं नाव मी ‘पहा’ न म्हणता लिहू इच्छिते. १९७२ पासून पुढे अनेक वर्षं, डॉ. कान यांच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या निबंधावर त्या आहेत.

असं मागे जाता जाता मी त्या खंडापाशी आले. बोटानं पाठीवरची अक्षरं वाचली, खंड उपसला, उघडला, आणि पहिल्यांदा दिसली ती माझीच टिकली.

म्हणजे मी गरोदर होते तेव्हाही तो खंड तिथेच होता. माझ्या टेबलापासून तिसऱ्या रांगेत. सहाव्या महिन्यात पाय सुजायचे म्हणून मी त्याच मांडणीला टेकून उभी राहायचे. ही गोष्ट मी त्या वेळी कुणालाच सांगितली नाही. सांगून कुणी समजूत घातली असती, की तू वाहक आहेस हे तुलाच माहीत नव्हतं, तर खंड घेऊन काय करणार होतीस. समजूत खरीच होती. पण खऱ्या समजुतीनंही जे शमत नाही असं काहीतरी त्या दिवसापासून माझ्यात राहिलं.

निबंध फक्त तीन पानांचा आहे. तोही थॅलेसेमियावरचा नव्हे, सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजारावरचा. कान आणि डोझी, दोघांचाच. पॅथॉलॉजीच्या सरांनी तो मला ओळीओळीनं समजावून दिला आणि जे मला कळलं ते मी माझ्या भाषेत सांगते. तोवर गर्भाला असा आजार आहे का हे बघायचं, तर गर्भाचं रक्तच हवं असायचं, कारण हिमोग्लोबिन रक्तातच असतं. स्वतः डॉ. कान यांनी १९७५ च्या सुमारास त्या वाटेनं थॅलेसेमियाचं निदान केलेलं होतं. पण त्यासाठी पाचवा महिना उजाडावा लागे, वारेपर्यंत सुई न्यावी लागे, आणि गर्भ दगावायची भीती मोठी. गर्भजल काढणं त्यामानानं सोपं. त्यात गर्भाच्या कातडीच्या, इकडच्या तिकडच्या पेशी तरंगत असतात. त्या पेशी हिमोग्लोबिन बनवत नाहीत, म्हणून रक्ताच्या आजारासाठी त्या निरुपयोगी समजल्या जात. आणि इथे त्या दोघांनी बघायची जागाच बदलली. पेशी हिमोग्लोबिन बनवत नसली, तरी ते कसं बनवायचं याची कृती प्रत्येक पेशीच्या डीएनएत लिहिलेली असतेच. मग रक्त कशाला? कृतीच वाचू या.

पण १९७८ साली ती अक्षर अक्षर वाचता येत नव्हती. तेव्हा जिवाणूंपासून मिळवलेली काही विकरं होती, जी डीएनएची लांब दोरी ठरावीक ठिकाणीच कापतात. त्यातलं एक वापरलं, तर हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिनची निरोगी जीन सुमारे ७,६०० अक्षरांच्या तुकड्यावर येई. आणि अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या ज्या लोकांत सिकलसेलची जीन होती, त्यांच्यातल्या बहुतेकांत ती १३,००० अक्षरांच्या लांब तुकड्यावर येई. फरक जीनमध्ये नव्हताच, जीनच्या शेजारी होता. गावात अंधारात घराचा नंबर दिसत नसला, तरी दारातल्या पिंपळावरून घर ओळखावं, तसं त्यांनी ते ओळखलं. माणसाच्या डीएनएतल्या अशा वारशानं आलेल्या खुणेवरून आजाराचं निदान करण्याची ही सुरुवात. पुढे दोन वर्षांत इतर शास्त्रज्ञांनी मांडलं, की अशा खुणा सगळ्या गुणसूत्रांवर शोधल्या तर माणसाच्या जीनांचा नकाशाच काढता येईल. तो निघालाही.

मला त्या यादीत आवडलेली गोष्ट अजून एक आहे. १९८० साली ‘सायन्स’मध्ये त्याच दोघांचा निबंध आहे, जगातल्या वेगवेगळ्या लोकांत ही खूण कशी आढळते त्याचा. त्यात त्यांनी स्वतःच दाखवलंय, की तेरा हजारांची खूण सगळीकडे लागू पडत नाही. भारतातली सिकलसेलची जीन लहान तुकड्यावरच दिसते. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या घराला त्या खुणेचा उपयोग नव्हता. मग १९८२ मध्ये नव्या विकराचा निबंध आला. ते विकर थेट सिकलसेलच्या बिघडलेल्या अक्षरापाशीच कापतं की नाही, हे बघून निदान करता येतं. ते कुणालाही लागू. आपल्या गाजलेल्या कामाची उणीव आपणच छापायची आणि मग ती भरून काढायची. याद्यांमध्ये असली शिस्त फार थोड्यांच्या नावावर दिसते, आणि ती दिसायला निबंध क्रमानं वाचावे लागतात.

आमच्या आजाराची वाट मात्र आणखी अवघड होती. सिकलसेलमध्ये बिघाड एकच, थॅलेसेमियात शेकडो. तुमच्या घरात कुठला, हे आधी कळावं लागतं. त्यासाठी मला दोन निबंध सापडले. एक १९९० चा ‘लॅन्सेट’मधला, दुसरा १९९१ चा ‘ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी’मधला. दोन्ही ऑक्सफर्डच्या गटाचे, आणि दोन्हींवर वरावाला, जॉन ओल्ड, डेव्हिड वेदरॉल ही नावं. भारतीय उपखंडातल्या वाहकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत पाचच प्रकारचे बिघाड आढळतात, असं त्यांनी दाखवलं होतं. म्हणजे शेकडो दारं ठोठवायची गरज नाही, पाच ठोठवा. दुसरा निबंध आमच्याकडे नव्हता, दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीतून त्याची झेरॉक्स मागवली. प्राध्यापकांसाठी भरतो तोच मागणीचा फॉर्म, फक्त ‘कोणासाठी’ या रकान्यात मी पहिल्यांदाच माझं नाव लिहिलं.

आणि त्या पाच दारांपर्यंत जायची साधनं १९८५ नंतर बदलली होती, पीसीआर आलं होतं. कोविडमध्ये हा शब्द घराघरांत पोचला. पण त्या पद्धतीचा अगदी पहिला निबंध बीटा-ग्लोबिनची जीन आणि सिकलसेलचं निदान यांच्यावरच आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

१९९६ साली मला पुन्हा दिवस गेले. आम्ही ठरवून घेतलेला निर्णय होता तो, आणि तपासणी करायची हेही ठरलेलं होतं. थोरल्याचं आणि आम्हा दोघांचं रक्त आधीच तपासून झालं होतं. दोघांच्यातही बिघाड एकच, आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा. जीनच्या पहिल्या गाळायच्या तुकड्यातलं पाचवं अक्षर, ‘जी’च्या जागी ‘सी’. सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या पोथीत एक अक्षर, आणि त्यावर माझ्या मुलाचं सगळं आयुष्य.

अकराव्या आठवड्यात आम्ही मुंबईला गेलो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्राचा कायदा त्याच वर्षी अमलात आला होता. महाराष्ट्राचा तर १९८८ पासूनचाच, देशातला पहिला. गर्भाच्या कुठल्या तपासण्या करता येतील याची यादी त्या कायद्यात आहे आणि तिच्यात हिमोग्लोबिनचे आजार स्पष्ट लिहिलेले आहेत. संमतीचा कागद समोर आला. मराठीत होता. मुलगा की मुलगी हे विचारणार नाही आणि सांगितलं जाणार नाही, हे वाचून मी सही केली. मग पोटावर थंड जेल, पडद्यावर हलणारा करडा ठिपका, आणि सुईनं वारेच्या कडेचा, तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल असा, पांढुरका तुकडा. तो एका काचेच्या ताटलीत सलाइनमध्ये तरंगताना मी पाहिला. झाडाच्या मुळासारखे बारीक फाटे होते त्याला. तेवढ्यात सगळं लिहिलेलं होतं.

निकालाला आठ दिवस लागणार होते. गर्भ मेजर निघाला तर गर्भपात करायचा, या तयारीनंच आम्ही गेलो होतो. हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं, पण ते न लिहिता ऋणाबद्दल लिहिणं खोटं होईल. त्या आठ रात्री मी थोरल्याच्या पोटात सुई लावून त्याच्या शेजारीच झोपत होते. तो सात वर्षांचा. मला म्हणाला, “आई, बाळाला पण पंप लागेल?” मी म्हणाले, “बघायला दिलंय.” तो म्हणाला, “लागला तर मी शिकवीन त्याला वळायला.”

निकाल आला. एक जीन बिघडलेली, एक चांगली. वाहक, आमच्यासारखीच. मुलगी आहे हे मात्र तिच्या जन्माच्या दिवशीच कळलं, १९९७ च्या वैशाखात.

२०१० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी’त एक निबंध आला, महाराष्ट्र आणि गुजरातच्या निरनिराळ्या भागांत थॅलेसेमियाचे वाहक किती आणि कुठला बिघाड कुठे जास्त, याचा. पहिलं नाव मुंबईच्या डॉ. रोशन कोलाह यांचं, आणि मागे गोरक्षकर, नाडकर्णी, सावंत, सुर्वे. परळच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतली ही माणसं. परदेशी नियतकालिकाच्या त्या पानावर आपली आडनावं आणि आपले जिल्हे वाचताना माझे डोळे भरून आले. १९७८ ची ती तीन पानं फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आली होती.

त्याच वर्षीची गोष्ट. थोरला वीस-एकवीस वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पंप सुटून गोळ्या आल्या होत्या, पण रक्त दर तीन आठवड्यांनी होतंच. रक्त चढायला तीन-चार तास लागतात, तर वाचायला काहीतरी हवं म्हणून मी पिशवीत कागद टाकले होते. पबमेड या संगणकावरच्या वैद्यकीय सूचीवरून काढलेली डॉ. कान यांची यादी. त्याच नावाचे दुसरेही संशोधक आहेत, त्यांचे निबंध मी पेनानं खोडून यादी निवडून ठेवली होती. लहानपणी हे नाव ऐकलं की तो स्वतःचा कान धरायचा. आता त्यानं ती यादी मांडीवर घेतली आणि बराच वेळ वाचली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरवर त्याचं बोट थांबलं.

“आई, ही तपासणी माझ्या वेळी जगात होती?”

“होती.”

“मग?”

“आम्ही वाहक आहोत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक असतं तर?”

वॉर्डात पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवरच्या मुलीची आई संत्रं सोलत होती. हा प्रश्न कधीतरी येणार हे मला चौदा वर्षं माहीत होतं आणि चौदा वर्षांत मी एकही उत्तर तयार करू शकले नव्हते. “तर तपासणी केली असती,” मी म्हणाले. “आणि तसा निकाल आला असता, तर तुला ठेवलं नसतं.”

तो काही बोलला नाही. सुई टोचलेला हात उशीवर सरळ ठेवून दुसऱ्या हातानं पान उलटलं. पिशवी अर्धी होईतो आम्ही दोघं गप्प होतो. मग त्यानं हाक मारली. “आई, हा बघ. १९८२. हे काय आहे?”

‘नेचर’मधला निबंध होता. मी तो शीर्षकापुरताच पाहिलेला होता. माझं बोट नेहमी गर्भातल्या निदानावर थांबायचं, इतर निबंध मी ओलांडून पुढे जायचे. पुढच्या आठवड्यात मी तो काढून घरी नेला आणि आम्ही दोघांनी शब्दकोश घेऊन तो वाचला. १९७९ मध्ये डॉ. कान आणि जे. सी. चँग यांनी थॅलेसेमियाचा एक प्रकार उलगडला होता. एका चिनी रुग्णाच्या जीनमध्ये एका अक्षराच्या चुकीनं मध्येच ‘थांबा’ असा संदेश तयार झाला होता, म्हणून प्रथिन अर्ध्यावरच तुटत होतं. १९८२ च्या निबंधात त्यांनी त्या खोट्या ‘थांबा’ला न जुमानता पुढे जाणारा एक रेणू, सप्रेसर टीआरएनए, घडवला आणि बेडकाच्या अंड्यात सोडून तो काम करतो हे दाखवलं. शीर्षकातच लिहिलं होतं, बीटा-थॅलेसेमियावरच्या जीन-उपचाराची एक वाट. अंड्यापासून माणसापर्यंत ती वाट तेव्हा गेली नाही, आणि थोरल्याचा बिघाड वेगळाच, त्याला ती लागूही पडली नसती. हे त्याला माझ्याआधी कळलं. तरी तो म्हणाला, “म्हणजे ते नुसते ताईसारख्यांसाठी काम करत नव्हते. जे जन्माला आले त्यांच्याकडेही बघत होते.” धाकट्या बहिणीला तो ताईच म्हणतो.

त्यानं यादी पुन्हा काढली आणि माझ्या पेनाऐवजी पेन्सिल मागितली. १९८२ पुढे एक टिकली केली. २००९ चा एक निबंध होता, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून मूळपेशी बनवून थॅलेसेमियावर उपचार करता येतील का याचा. तिथे दुसरी टिकली. पुढे २०१४ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक आला. थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या पेशींतली बिघडलेली जीन क्रिस्पर या जीन-दुरुस्तीच्या तंत्रानं, मागे कसलीही खूण न ठेवता, दुरुस्त केल्याचा. तो निबंध थोरल्यानंच मला मोबाइलवर पाठवला. तेव्हा डॉ. कान ७८ वर्षांचे होते. १९७२ मध्ये गर्भातल्या सिकलसेलपासून सुरू झालेली वाट बेचाळीस वर्षांनी तिथे पोचली होती. त्यांना १९९१ मध्ये लास्कर आणि २००४ मध्ये शॉ पुरस्कार मिळाला, हे मी नोंद म्हणून सांगते. माझ्या मुलाला त्या पुरस्कारांत रस नाही. त्याच्या टिकल्या निबंधांपुढेच आहेत.

क्रिस्परचा पहिला उपचार २०२३ साली ब्रिटननं सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी मंजूर केला. तो डॉ. कान यांचा नव्हे, दुसऱ्यांचा. त्याची किंमत आमच्यासारख्यांच्या हिशोबात बसणारी नाही. थोरला सहकारी बँकेत हिशोबच बघतो, त्यानं आकडा रुपयांत करून बघितला आणि कागद घडी करून वहीत ठेवून दिला.

वॉर्डातल्या माझ्या त्या उत्तरानं त्याला काय झालं, हे मी त्याला कधी विचारू शकलेले नाही.

मी २०२० मध्ये निवृत्त झाले. त्याआधी वर्षभर आमच्याकडे निर्लेखनाचं काम चाललं होतं. जुनी नियतकालिकं संगणकावर मिळतात, बांधीव खंड जागा अडवतात, तर ते रीतसर रद्द करून विकायचे. ३६ वर्षांपूर्वी टिकली करून मांडणीवर ठेवलेले खंड मीच आता त्याच नोंदवहीत लाल शाईनं काटत होते. लॅन्सेटची पाळी आली तेव्हा १९७८ चा दुसरा खंड मी बाजूला ठेवला, ग्रंथपालांना विचारलं, आणि वजनाच्या भावानं पावती करून तो विकत घेतला. पूर्वी निबंधाची छापील प्रत मागवायला लेखकाला पाठवायची कार्डं असायची, ‘आपल्या निबंधाची प्रत मिळाल्यास आभारी होईन’ असं इंग्रजीत छापलेली. खणाच्या तळाशी त्यातली दोन-चार उरली होती. एक मी भरलं. डॉ. कान यांचं नाव, निबंधाचं शीर्षक, खंड, पान. ‘आभारी होईन’मधलं ‘होईन’ खोडून ‘आहे’ केलं. पाठवलं नाही. पान ९१० ला लावून ठेवलं.

मुलगी आता सव्वीस-सत्तावीसची. स्थळं बघायच्या आधीच ती समोरच्याला सांगते, की मी थॅलेसेमियाची वाहक आहे, तू ए-टू तपासून घे. दोघांनी ते ऐकून पुढचा फोनच केला नाही. तिसऱ्यानं रिपोर्ट पाठवला, २.७. तो तिनं आधी दादाला दाखवला. त्यानं चष्मा पुसून, नॉर्मलची मर्यादा, प्रयोगशाळेचा शिक्का, सगळं तपासलं आणि म्हणाला, “चालेल. पण रक्तगट पण विचार, मला उपयोगी पडला तर बरं.”

लॅन्सेटचा खंड त्याच्या खोलीत आहे. त्याच्या रक्ताच्या वह्या त्याला टेकून उभ्या असतात, नाहीतर घसरतात. अकरावी वही संपत आली. पुढची तारीख गुरुवारी आहे, येताना नवी वही आणायची आहे.